पुढच्या आठवड्यात कोणता धडा?

गणिताचा एक तास बुडाला तर मुलाला ते दुसऱ्याच दिवशी कळतं. फळ्यावरचं उदाहरण मधूनच सुरू झाल्यासारखं वाटतं, सूत्र कुठून आलं ते उमगत नाही आणि शेजारच्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतिहासाचा किंवा भूगोलाचा तास बुडाला तर असं काहीच घडत नाही. धडा पुस्तकात असतो, उत्तरं गाईडमध्ये असतात, स्वाध्याय मैत्रिणीच्या वहीतून एका रात्रीत उतरवता येतो आणि वही पूर्ण दिसली की बाईंची सहीही मिळते. काय बुडालं हे मुलाला कळत नाही, शिक्षकालाही कळत नाही. घरी तर तो विषयच निघत नाही. त्यामुळे आपल्या माध्यमिक शाळांमध्ये सामाजिक शास्त्रं हा ‘घरी वाचून घ्या’ असा विषय होऊन बसला आहे. त्याला जोडूनच एक समज रुजला आहे. कोणता धडा कधी आहे, त्यासाठी काय करून आणायचं आहे, गृहपाठ कधी द्यायचा आहे हे मुलांना नीट, वेळेवर, लेखी कळवण्याची गरज इतर विषयांत असेल, इथे नाही, असा हा समज. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. नववी-दहावीच्या मुलांना आगाऊ कळवण्याची सर्वांत जास्त गरज याच विषयात आहे. कारण या विषयाची निम्मी सामग्री पुस्तकाबाहेर, मुलांच्या घरात आणि गावात असते, आणि ती गोळा करायला दिवस लागतात. धडा झाल्यावर कळवलेल्या गृहपाठाने ते दिवस परत मिळत नाहीत.

हे पटवून द्यायला मुळशी तालुक्यातल्या महाळुंग्याइतकं चांगलं गाव सापडणं अवघड आहे. बाणेर-बालेवाडी ओलांडली की मुळा नदीच्या काठी हे गाव लागतं. ३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांत महाळुंगे होतं. ग्रामपंचायत संपली. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाचीही मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे सुमारे साडेचार वर्षं या गावाला सरपंच नव्हता आणि आपण निवडून दिलेला नगरसेवकही नव्हता. इथल्या जुन्या रहिवाशाच्या घरातली तीन कागदपत्रं शेजारीशेजारी ठेवली तर काय दिसतं पाहा. सातबाऱ्यावर तालुका मुळशी. मिळकतकराच्या बिलावर पुणे महानगरपालिका. त्याच पिशवीत खाली ग्रामपंचायतीची घरपट्टीची जुनी पावतीही असेल. मतदार ओळखपत्र पाहावं तर विधानसभा मतदारसंघ भोर, आणि त्यातून पुढे लोकसभेला बारामती. घर एकच आणि त्यावरून जाणाऱ्या हद्दी चार. दहावीच्या राज्यशास्त्रातला ‘निवडणूक प्रक्रिया’ हा धडा मतदारसंघांची रचना समजावतो. नववीच्या भूगोलात ‘नागरीकरण’ नावाचा अख्खा पाठ आहे. महाळुंग्यातल्या मुलासाठी हे दोन्ही धडे घरातल्या कपाटात ठेवलेले आहेत.

पण ते कपाट उघडायला वेळ लागतो. सातबारा आजोबांच्या ट्रंकेत असतो आणि किल्ली त्यांच्याकडे असते. मिळकतकर काका भरतात, ते रविवारी भेटतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्या आईवडिलांचं मतदार ओळखपत्र नांदेडचं किंवा बिदरचं असतं. ते दुसऱ्या गावचं का, इथलं का करून घेतलं नाही, हा प्रश्न ‘नागरीकरण’ या पाठाच्या थेट गाभ्यात जातो, पण तो वडील घरी असताना विचारावा लागतो. सोमवारी वर्गात धडा झाला आणि जाताजाता ‘घरी विचारून या’ असं सांगितलं तर मंगळवारी चार मुलं काहीतरी आणतील आणि तोवर धडा पुढे सरकलेला असेल. तीच गोष्ट दहा दिवस आधी कळली असती तर धडा सुरू होताना वर्गात पंधरा-वीस घरांची माहिती असती. शिक्षकाने काही जादा शिकवायचं नव्हतं. फक्त आधी सांगायचं होतं.

याच गावच्या सीमेवर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. दहावीच्या इतिहासात ‘खेळ आणि इतिहास’ असं प्रकरण आहे. पलीकडे महाळुंगे-माण परिसरात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सुमारे अडीचशे हेक्टरांची नगररचना योजना आहे. मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, उद्यानं, सार्वजनिक सोयींसाठी जागा काढायची आणि उरलेल्या क्षेत्रातून आखीव भूखंड मालकांना परत द्यायचे, अशी तिची रीत. ‘मूळ भूखंड’ आणि ‘अंतिम भूखंड’ हे शब्द इथल्या काही घरांत जेवताना बोलले जातात. ते ज्या मुलाच्या कानावर रोज पडतात, त्याला नागरीकरणाची पुस्तकी व्याख्या पाठ करायला लावणं आणि त्याच्याकडे काय आहे ते कधीच न विचारणं, हे त्याच्या शिक्षणाचं नुकसान आहे. शिक्षकाला ते विचारावंसं वाटत नाही असं मी म्हणत नाही. विचारायला लागणारी आगाऊ सूचना द्यायची पद्धतच शाळेत नाही, म्हणून विचारणं राहून जातं.

आता नदीकडे वळू. महाळुंग्याजवळून वाहणारी मुळा ज्या तालुक्यातून येते, तिथे मुळा आणि निळा या नद्यांवर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी त्या पाण्याखाली जायच्या होत्या. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावरच्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन म्हटलं आहे. लढा १९२४ पर्यंत चालला, सत्याग्रही हरले, धरण झालं. भूगोलाच्या अंगाने पाहिलं तर त्या धरणातलं वीजनिर्मितीचं पाणी मुळेच्या पात्रातून पूर्वेला येत नाही. सह्याद्री ओलांडून रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजकेंद्राकडे, म्हणजे अरबी समुद्राच्या बाजूला जातं. बंगालच्या उपसागराकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं, त्यासाठी माणसं उठवली, त्यातून चळवळ उभी राहिली. दहावीचा ‘प्राकृतिक रचना व जलप्रणाली’ हा भूगोलाचा पाठ आणि ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ हा राज्यशास्त्राचा पाठ इथे एकाच नदीत भेटतात. पण ते भेटवायचे असतील तर दोन्ही पाठ कोणत्या आठवड्यात आहेत हे मुलांना माहीत हवं. बऱ्याच शाळांत इतिहास-राज्यशास्त्र एक जण शिकवतो आणि भूगोल दुसरा. मग एकमेकांचं वेळापत्रक त्या दोघांनाही माहीत असायला हवं. मुळशीच्या त्या वरच्या गावांतून विस्थापित झालेल्यांचे वंशज आज पुणे परिसरात विखुरलेले आहेत. एखाद्या वर्गात त्यांतली एखादी मुलगी बसलेली असू शकते. तिला आधी कळलं तरच ती आजीला विचारील.

मग आज कळवलं कसं जातं? शिक्षकाकडे वार्षिक नियोजन असतं, घटक नियोजन असतं, तासाचं टाचण असतं. ते लिहावंच लागतं, त्यावर मुख्याध्यापकांची सही होते आणि तपासणीला साहेब आले की दाखवलं जातं. कोणत्या महिन्यात कोणता पाठ, किती तासिका, कोणता उपक्रम हे सगळं त्यात आहे. ज्याच्यासाठी ते नियोजन आहे, त्या मुलाला मात्र ते वर्षभर दिसत नाही. मुलापर्यंत पोहोचतो तो व्हॉट्सअॅप गटावरचा निरोप, आणि तोही त्याच्या नव्हे, पालकाच्या फोनवर. रात्री साडेनऊच्या सुमारास फळ्याचा फोटो येतो. ट्यूबलाइटचा उजेड पडून मधल्या दोन ओळी पुसल्यासारख्या दिसतात. खाली मजकूर असतो : ‘उद्या पाठ ७ चा स्वाध्याय तपासला जाईल.’ त्याखाली अंगठे, हात जोडलेली चित्रं, ‘ओके मॅडम’, मग कुणीतरी विचारलेलं ‘कोणत्या विषयाचा?’, मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. सकाळपर्यंत तो फोटो वर सरकून गेलेला असतो. चार दिवस आजारी असलेल्या मुलाला त्या गटातून आठवड्याचा हिशेब जुळवायचा असेल तर शंभरेक निरोप चाळावे लागतात. आणि एवढं करून हाती लागतं ते काय? उद्याचं काम. पुढच्या आठवड्यात काय आहे ते त्यात कुठेच नसतं.

‘आता फोन सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य या चर्चेत हमखास ऐकू येतं. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचे ग्रामीण भारताचे आकडे त्यावर विचार करायला लावतात. २०२१ मध्ये शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना फोन वापरता येत होता. पण वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलग्यांकडे आणि २६.९ टक्के मुलींकडे होता. घरात फोन असणं, तो हातात मिळणं आणि तो स्वतःचा असणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. महाळुंग्यासारख्या ठिकाणी तर हा फरक एकाच बाकावर बसतो. एका मुलीचे वडील हिंजवडीत आयटी कंपनीत, शाळेचं अॅप त्यांच्या फोनवर आणि टॅब तिच्या हातात. दुसरीचे वडील बांधकामावर, घरातला एकमेव फोन त्यांच्या खिशात. ते आठला परत येतात तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. सूचना फोनवरच राहिली तर दुसऱ्या मुलीला ती दुय्यम दर्जाने मिळते. वर्गाच्या भिंतीवर असेल तर दोघींना एकाच वेळी, एकाच अक्षरात मिळते.

महासाथीच्या काळात आपण याचा एक मोठा प्रयोग पाहिला आणि त्याचा पुरता अर्थ अजून लावलेला नाही. २३ मार्च २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर होता. तो आधी पुढे ढकलला, एप्रिलमध्ये रद्द केला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले. राज्यातली ती सगळी तुकडी भूगोलाचा पेपर न देताच दहावी झाली. त्यानंतर अभ्यास घरी पोहोचवण्याची धडपड सुरू झाली. दररोज अभ्यासमालेचे दुवे आले, ‘दीक्षा’ अॅप आलं, दूरदर्शन सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. ज्यांनी हे उभं केलं त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण राज्यभर एकच दुवा पाठवणाऱ्याला तुमचा वर्ग कोणत्या पाठावर आहे हे माहीत असणं शक्य नव्हतं. जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला. कोणते भाग वगळले ही यादी प्रत्येक मुलापर्यंत जाणं हे तेव्हा धड्याइतकंच महत्त्वाचं होतं. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्गांतर्गत लेखी मूल्यमापनाला ३०, आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकाला २० असा गुणांचा हिशेब ठरला, निकाल ९९.९५ टक्के लागला. ज्या गृहपाठाची सूचना वर्षभर कुठल्याशा गटावर येऊन वाहून गेली होती, तो गृहपाठ एकाएकी बोर्डाच्या गुणपत्रिकेत जाऊन बसला. आजही सामाजिक शास्त्रांच्या शंभर गुणांपैकी वीस अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ज्याचे गुण आहेत त्याची सूचना मुलाला स्पष्ट, लेखी आणि वेळेवर मिळणं ही मेहेरबानी नाही. तो त्याचा हक्क आहे.

कळवण्याने खरोखर काही फरक पडतो का, यावर बाहेर बरंच काम झालं आहे. पीटर बर्गमन आणि एरिक चॅन यांनी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या २२ शाळांमध्ये पालकांना मुलांच्या न दिलेल्या गृहपाठाची, गैरहजेरीची आणि घसरलेल्या गुणांची सूचना आपोआप फोनवर जाईल अशी व्यवस्था केली. विषयात नापास होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, तासांना हजेरी १२ टक्क्यांनी वाढली. राज्याच्या परीक्षेतल्या गुणांवर मात्र परिणाम दिसला नाही. हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. राहिलेलं काम कळवल्याने काम पुरं होतं. समज वाढतेच असं नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांचा प्रयोग याच्या पुढे जातो. नापास झालेल्या मुलांच्या उन्हाळी वर्गात शिक्षकांनी पालकांना आठवड्याला एक वाक्य लिहून पाठवायचं, एवढंच. वर्ग पूर्ण न करू शकणाऱ्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ वर आलं, आणि नुसत्या कौतुकापेक्षा ‘अजून काय सुधारता येईल’ हे सांगणाऱ्या वाक्याचा परिणाम जास्त दिसला. बोत्सवानात महासाथीच्या काळात तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी गणिताचे प्रश्न मोबाइलवर पाठवले, तेव्हा नुसत्या निरोपांनी काही साधलं नाही. निरोपांबरोबर आठवड्यातून एकदा माणसाने फोन करून मुलाशी बोलल्यावर मात्र शिकणं वाढलं. हे प्रयोग सामाजिक शास्त्रांवरचे नाहीत, आपल्याकडचेही नाहीत, आणि ते जसेच्या तसे उचलून इथे लावता येणार नाहीत. पण तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात. निरोपांची संख्या वाढवून फार काही होत नाही. निरोपात पुढे काय करायचं ते नेमकं असलं आणि मागे ओळखीचं माणूस असलं तरच त्याला अर्थ येतो.

यावरून मला जे सुचतं ते अगदी साधं आहे. वर्गाच्या भिंतीवर सामाजिक शास्त्रांचा एक कागद. त्यावर पुढच्या दोन आठवड्यांचे पाठ, प्रत्येकासमोर तारीख, त्या पाठाला धरून एक प्रश्न, आणि घरून किंवा गावातून काय पाहून, विचारून, शोधून आणायचं ते. ‘नागरीकरण’ समोर लिहिलेलं असावं : आपल्या घराच्या जागेवर तीस वर्षांपूर्वी काय होतं, हे घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी विचारा. कागदाच्या खालच्या भागात झालेल्या तासांची नोंद, आणि ती मुलांनी पाळीपाळीने करायची : आज काय झालं, कोणता प्रश्न वर्गात अडला, गृहपाठ काय दिला. गटावर फोटो टाकायचाच असेल तर याच कागदाचा टाकावा, आठवड्यातून एकदाच. चार दिवसांनी परत आलेलं मूल भिंतीपाशी उभं राहिलं की त्याला काय बुडालं ते कळेल आणि येत्या सोमवारी काय आहे तेही कळेल. पुढचा पाठ माहीत असेल तर मागे पडलेलं मूलही त्या पाठात इतरांच्या बरोबरीने उतरू शकतं. मागचं भरून काढण्याच्या धावपळीत सगळा महिना घालवण्यापेक्षा हे त्याच्यासाठी अधिक हिताचं आहे.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांकडून येईल आणि तो वाजवी आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामं शिक्षकांना देण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच आहे. त्याशिवाय ऑनलाइन माहिती भरणं, परिपत्रकं, शिबिरं चालूच असतात. त्यात आणखी एक कागद कशाला? पण हा कागद नव्याने लिहायचा नाही. घटक नियोजनात जे लिहिलेलं आहे तेच भिंतीवर आणायचं आहे, आणि खालची नोंद मुलं करणार आहेत. तपासणीसाठी लिहिलेलं नियोजन मुलांच्या वाचनात आलं तर ते लिहिण्यालाही काही अर्थ राहील. दुसरा आक्षेप म्हणजे नियोजन पाळलं जात नाही. मध्येच निवडणुकीचं काम येतं, मुसळधार पावसाने सुट्टी होते, स्नेहसंमेलनाची तयारी निघते. खरं आहे. पण तारीख चुकली तर ती खोडून वर दुसरी लिहावी. खोडलेली दिसू द्यावी. सामाजिक शास्त्रांचे किती तास कशात गेले हे वर्षअखेरीला त्या खाडाखोडीवरून कुणालाही वाचता येईल. आज ते कुठेच दिसत नाही, म्हणून या विषयाचे तास पहिले कापले जातात आणि कुणी ओरडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळता यायला हवा. सगळं आयतं भिंतीवर मांडून आपण त्याला परावलंबी करतो, असं म्हणणारे अनुभवी शिक्षक आहेत. जबाबदारी शिकवायला हवी हे मान्य. पण जे माहीतच नाही त्याची जबाबदारी कोणी कशी घ्यायची? ‘वहीतून बघून घे’ ही आजची पद्धत स्वावलंबन शिकवत नाही. ज्याला मित्र आहेत, ज्याची भाषा वर्गातल्या इतरांसारखी आहे, ज्याचं घर जवळ आहे, त्याची तिच्यात सोय होते. बाकीचे मागे राहतात. महाळुंग्यात कर्नाटकातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून नव्याने आलेल्या मुलाला वही कोण देणार? उलट पालकांच्या फोनवर सूचना पाठवणं हाच मुलाला परावलंबी करण्याचा खरा मार्ग आहे. तिथे अभ्यास मुलाचा आणि आठवण आईची, अशी विभागणी होते. काही घरांत न दिलेल्या गृहपाठाची सूचना म्हणजे मार, आणि मुलीच्या बाबतीत शाळा सोडवण्याचं निमित्तही होऊ शकतं. म्हणून सूचना आधी मुलाला, मुलाच्या जागेवर, सगळ्यांसमोर सारखी मिळावी. घरी कळवायचं ते वारंवार राहून गेलेलं काम, आणि तेही बोलून. भिंतीवरच्या कागदावर कोणी काय केलं नाही याची नावं कधीही येऊ नयेत.

आणखी एक शंका शहरातल्या खासगी शाळांचे पालक घेतील : आमच्याकडे अॅप आहे, त्यात रोजचा अभ्यास येतो, आम्हाला याचं काय? त्या अॅपमध्ये काय येतं ते उघडून पाहावं. बहुधा ‘पृष्ठ ६४, प्रश्न १ ते ५’ असा मजकूर येतो. पुस्तक केंद्रीय मंडळाचं असो वा बालभारतीचं, त्यातला हा मजकूर मुलाला आपल्या गल्लीत नेत नाही. केंद्रीय मंडळाच्या दहावीलाही सामाजिक शास्त्रांचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि त्यात विषयसमृद्धीच्या उपक्रमाला स्वतंत्र जागा आहे. तो उपक्रम फेब्रुवारीत तीन दिवसांत उरकला जातो कारण तो ऑगस्टमध्ये कुणी सांगितलेला नसतो. अॅप चांगलं की भिंत चांगली हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं आहे ते पुढचं सांगणं, आणि सांगताना मुलाच्या हाती एक प्रश्न देणं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘नागरीकरण’ दहावा पाठ आहे, म्हणजे बहुतेक वर्गांत तो याच सत्रात येतो. बांधकामावरची कुटुंबंही याच दिवसांत एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर हलतात. मुलाचं नाव काढताना शाळा सोडल्याचा दाखला दिला जातो. त्यावर जन्मतारीख असते, प्रगती आणि वर्तणूक असते, शाळा सोडल्याचं कारण असतं. कोणत्या पाठापर्यंत अभ्यास झाला, कोणता उपक्रम अर्धवट राहिला, कोणते अंतर्गत गुण मिळाले आणि कोणते राहिले, यातलं काहीच नसतं. नवी शाळा वाघोलीत असो की चाकणला, तिथले सर त्याला कुठल्याही पाठावर बसवतात. भिंतीवरून उतरवलेले त्या सत्राचे सहा-सात कागद दाखल्याला टाचणीने जोडले, आणि त्याने गोळा केलेली तीस वर्षांपूर्वीच्या जागेची माहिती त्यांच्यासोबत ठेवली, तर नव्या शिक्षकाला त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते पहिल्याच दिवशी कळेल. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी कार्यालयात तेवढं सांगितलं की पुरतं.